खाली म्हणजे किती

फियाटच्या डाव्या मागच्या चाकाशी सासरे उकिडवे बसले होते, बायको स्टिअरिंगमागे होती, आणि उघड्या बॉनेटवर वाकलेला जयंत सबनीस मनातल्या मनात जमाखर्च मांडत होता. तीन वाजता ऑफिसातल्या विजयालक्ष्मी मॅडमना आणि त्यांच्या आईला घरून घ्यायचं, पाचच्या मद्रासच्या विमानासाठी पालमला सोडायचं. जाताना शिलाँगचा विषय काढायचा नाही, आईंच्या गुडघ्यांचा काढायचा. आई विमानात बसल्या की परतीच्या वाटेवर मॅडम एकट्या. तेव्हाही शिलाँग आपण काढायचं नाही; ते त्यांनी काढलं पाहिजे. जयंतच्या शिलाँगच्या बदलीची फाईल सोमवारी त्यांच्याच टेबलावर जाणार होती. खर्चाच्या बाजूला एक शनिवार, अर्धा रविवार आणि सासऱ्यांची कंबर. जमेला दिल्लीतली निदान चार वर्षं. सौदा वाईट नव्हता. त्यातून कंबर दुसऱ्याची.

ब्रेकचं काम मुळात निघालं ते बायकोमुळे, लतिकामुळे. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे झुकायची. महिन्यापूर्वी सफदरजंगच्या सिग्नलला ती एका टेम्पोच्या इतकी जवळ जाऊन थांबली, की टेम्पोमागचं "फिर मिलेंगे" लतिकाला चष्म्याशिवाय वाचता आलं. तेव्हापासून ती चालत्या गाडीत बसेना. मेकॅनिक आठवडाभर गाडी मागत होता. तर लतिकाचे वडील, अण्णासाहेब, बुधवारी जेवायला आले असताना भात कालवता कालवता म्हणाले, "सामान आणून द्या. घरीच करू."

"तुम्ही?" जयंतच्या तोंडून निघून गेलं.

"का? ब्रेकच आहे ना?"

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी सासरे रेल्वेत नक्की काय करायचे हे जयंतला धड ठाऊक नव्हतं. ऑफिसात कुणी विचारलं तर "रेलवे में थे" एवढ्यावर भागायचं. अण्णासाहेब चौतीस वर्षं यार्डात गाड्या तपासत. गाडी सुटण्याआधी डब्यांखाली वाकून ब्रेक बघायचा, आणि ठीक वाटला तर कागदावर सही करायची. या कामाचं कौतुक कोण करणार? चुकलं तरच नाव होतं.

शनिवारी सकाळी मात्र जयंतचे डोळे विस्फारले. लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरसमोर, कडुनिंबाखाली, अण्णासाहेबांनी चारी चाकं उतरवली, ड्रम काढले आणि जुने ब्रेक-शू वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. मग एकेकावरून अंगठा फिरवत बोलायला लागले.

"हा बघा, पुढचा डावा. गुळगुळीत. काही कामच केलेलं नाही यानं. आणि हा उजवा, झिजून पत्र्यापर्यंत आला. एकटाच राबतोय बिचारा, म्हणून गाडी त्याच्याकडे ओढते."

"आमच्या सेक्शनसारखं आहे," जयंत म्हणाला.

"तुम्ही यातले कोण?" अण्णासाहेबांनी मान वर न करता विचारलं, आणि लतिका पदरात तोंड घालून हसली.

नव्या शूबरोबर एक नवी वस्तूही बसवायची होती. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, काळ्या पातेल्याएवढा. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं ब्रेक हलका होतो. दुकानदारानं हे जयंतला तीनदा समजावलं होतं, आणि तिन्ही वेळा जयंतनं "अच्छा" म्हटलं होतं. अण्णासाहेबांनी ते पातेलं दोन्ही हातांत धरून फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम जुना सोबती भेटल्यासारखा झाला.

"व्हॅक्यूम! अहो, हा तर आमचाच माणूस." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती जयंत पुढे किती तरी दिवस विसरला नाही. "आमच्या गाडीत नळीत हवा शिरली की ब्रेक लागतो. तुमच्या गाडीत नळीत हवा शिरली की ब्रेक जातो. हवा तीच. कुणाच्या घरात शिरते त्यावर आहे सगळं."

तर रविवारी दुपारी एक वाजता उरलं होतं ते नळ्यांतली हवा काढण्याचं काम. त्याला तिघं लागतात. पायाशी लतिका, चाकाशी अण्णा, आणि इंजिनजवळच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवायला जयंत.

"दाब," चाकामागून आवाज यायचा.

"दाबलं."

"धरून ठेव." मग छोटा पाना पाव आटा फिरायचा आणि पारदर्शक नळीतून जॅमच्या बाटलीत बुडबुडे पडायचे. "सोड."

"सोडलं."

"जयंतराव, तुमचं लक्ष फक्त डबीवर. तेल खाली गेलं की लगेच सांगा."

"बिल्कुल."

इथं सबनीसांच्या घराबद्दल सांगायला हवं. जयंतचे आजोबा नोकरीसाठी दिल्लीला आले, वडील करोलबागेत वाढले, आणि जयंत तर तिथल्याच दवाखान्यात जन्मला. मराठी घरात होती, पण ती जेवणाखाण्यापुरती आणि रागावण्यापुरती. "खाली बस" त्याला कळायचं, "खाली ये" कळायचं. पण डबी, तेल आणि खाली हे तीन शब्द एका वाक्यात आले की करोलबागेच्या हिंदीत त्याचा अर्थ एकच होतो. डबी रिकामी झाली की सांगायचं.

जयंतनं ते काम जिवापाड मन लावून केलं. तेल उतरत गेलं, तो पाहत राहिला. दोन चाकं झाली, तिसरं झालं. चौथ्याला डबीचा तळ दिसला, आतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला, आणि जयंत अभिमानानं ओरडला, "अण्णा, खाली!"

"घाला मग," चाकामागून उत्तर आलं.

त्यानं काठोकाठ घातलं. डबा संपला. दोघंही आपापल्या अर्थाशी पूर्ण समाधानी होते.

दोनला पाच कमी असताना अण्णासाहेब हात पुसत आले, लतिकाला उठवून स्वतः सीटवर बसले आणि चप्पल काढून अनवाणी पायानं ब्रेक दाबला. एकदाच. मग पाय तसाच ठेवून समोरच्या काचेकडे बघत बसले. कुणी दूरचं काही ऐकत असावं तसे.

"हवा आहे."

"कसं शक्य आहे, अण्णा? बुडबुडे तर थांबले होते."

"मागे नाही. मुळाशीच, डबीतून शिरलीय." ते बाहेर आले. "जयंतराव, तुम्ही सांगितलंत तेव्हा तेल कुठवर होतं?"

"खाली होतं."

"खाली म्हणजे किती?"

"किती म्हणजे? खाली म्हणजे खाली. खतम."

लतिकानं कपाळावर हात मारला. अण्णासाहेब क्षणभर जावयाकडे बघत राहिले, आणि मग जे हसले, ते असे हसले की वरच्या मजल्यावरच्या अरुणा चौधरी बाल्कनीत आल्या. "चूक माझी," ते डोळे पुसत म्हणाले. "मला 'कमी झालं' म्हणायला हवं होतं. चला. चारी चाकं पहिल्यापासून. पंपावर तेल मिळतंय का बघा."

"किती वेळ?"

"अडीच तास. मुळातली हवा लवकर निघत नाही."

"अण्णा, तीनला निघायचंय! आता वेळ नाही." तो स्वतः सीटवर बसला, धडाधड ब्रेक दाबला. "हे बघा ना, तिसऱ्यांदा दाबलं की लागतोय. एकदम घट्ट. मी तीनदा दाबीन."

"समोरचा माणूस तीनदा थांबत नाही."

"हळू चालवतो यार... सॉरी. हळू चालवतो, अण्णा. फक्त पालमपर्यंत."

"गाडी सुटणार नाही."

हे ते रागावून म्हणाले नाहीत. यार्डात हेच वाक्य ते याच आवाजात म्हणत असणार, हे जयंतला ऐकताक्षणी कळलं. तरी त्यानं शेवटचं पान टाकलं. "अण्णा, उद्या माझी फाईल आहे. शिलाँग. तुम्हाला लतिकानं सांगितलं नसेल..."

"सांगितलंय. आठ दिवसांपूर्वी."

जयंतच्या हिशेबात ही नोंदच नव्हती. लतिकाची आई, सुमित्राबाई, गेल्यापासून अण्णासाहेब दिल्लीतल्याच द्वारकेच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. दर बुधवारी दोन बस बदलून लेकीकडे जेवायला येत, आणि आल्यावर पंधरा मिनिटं उगीच तिच्या स्वयंपाकघरातले नळ घट्ट करत बसत. शिलाँगमुळे कुणाचा बुधवार जाणार होता? ते ठाऊक असूनच हा माणूस दोन दिवस मॅडमसाठी ब्रेक बसवत होता. आणि ते ठाऊक असूनच आता गाडी अडवत होता.

"बाबा," लतिका हळूच म्हणाली, "आजच्या दिवस..."

"लतू, तू बसशील यात? त्या बाईंच्या आईच्या जागी?"

लतिकानं गाडीकडे पाहिलं. ती एक पाऊल मागे सरकली. अण्णासाहेबांना ते पुरलं.

"फोन लावा, जयंतराव. मी बोलतो."

"तुम्ही कशाला? मी काहीतरी सांगतो, घरी कुणी आजारी..."

"अडवली मी. नाव माझंच सांगायचं."

आत जाऊन ते फोनपाशी ताठ उभे राहिले. "नमस्ते मॅडम. मैं जयंत का ससुर बोल रहा हूँ. उनकी गाडी मैंने रोकी है. ब्रेक में हवा है... जी नहीं, वो तो आने को तैयार थे. मैंने पास नहीं की." थोडं थांबून, "जी, मालूम है मुझे, फ्लाईट है. आपकी माताजी को मेरा नमस्कार कहिए." आणि फोन ठेवून जयंतला म्हणाले, "कुणा मेहरोत्राला बोलावतील."

मेहरोत्रा! शेजारच्या सेक्शनचा, त्याच बदलीच्या यादीत दुसरा. जयंत पायरीवर बसला. लतिका शेजारी येऊन बसली.

"नोकरीत अकरा गाड्या अडवल्या त्यांनी," ती म्हणाली. "दर वेळी लेखी खुलासा. एकदा तर वर्षाची बढती गेली. मी लहान होते तेव्हा बाबा आईला म्हणायचे, थांबवलेल्या गाडीला काही होत नाही ना, म्हणून थांबवणारा बरोबर होता हे कधी सिद्धच होत नाही."

कडुनिंबाखाली अण्णासाहेब पुन्हा मागच्या चाकाशी बसले होते. बाटली स्वच्छ पुसून, पाना उजव्या हाताशी ठेवून, एकटेच, तिघांच्या कामासाठी. जयंत उठला, पंपावर जाऊन दोन डबे घेऊन आला आणि बॉनेटवर वाकला.

"अण्णा, बोटभर कमी झालं की सांगतो."

"अर्धं बोट," चाकामागून आवाज आला.

पाचच्या पुढे काम झालं. जयंतनं ब्रेकवर पाय ठेवला आणि दचकला. अंगणातल्या फरशीवर पाय टेकावा तसं काहीतरी खाली उभं होतं. हलकं, पण न हलणारं. अण्णासाहेबांनी त्याला कॉलनीच्या टोकाला, जिथे रस्त्याचं काम चालू होतं त्या धुळीच्या पट्ट्यात, रिकाम्या जागी गाडी नेऊन एकदम थांबवायला लावलं. गाडी थांबली ती सरळ, नाक खाली करून, नमस्कार केल्यासारखी. मग म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि धुळीत उमटलेल्या चाकांच्या घसरल्याच्या खुणा वितीनं मोजायला लागला. डावी. उजवी. पुन्हा डावी. मावळतीच्या उन्हात तो रस्त्यावर ओणवा होता, आणि सायकलवाले वळसा घालून जात होते, आणि जयंतला वाटलं की आपण काहीतरी फार मोठं बघतोय, ज्याला आपल्या ऑफिसात शब्द नाही.

"साडेसहा विती. साडेसहा विती," अण्णासाहेब उठले. "पास."

लतिका पुढचं दार उघडून गाडीत बसली.

मॅडमनी पुढे काही वाईट केलं नाही. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा "हाऊ इज युवर फादर-इन-लॉ?" असं हसून विचारलंही. त्यांनी काहीच केलं नाही, आणि फाईल आपल्या वाटेनं चालत गेली. जूनमध्ये सबनीस शिलाँगला गेले. मेहरोत्रा दिल्लीत राहिला.

हिशेब मांडायचाच तर मॅडमनी काही भरलं नाही. मेहरोत्रानं थोडं पेट्रोल भरलं. जयंतनं तीन वर्षं भरली, पण डोंगर त्याला मानवले आणि लतिका तिथं शाळेत शिकवायला लागली, तेव्हा त्यातली निम्मी तरी परत आली म्हणायची.

फियाट डोंगरात नेणं परवडणार नव्हतं. ती द्वारकेत, अण्णासाहेबांच्या फ्लॅटसमोर राहिली. शेजारच्या हेमलताबाईंनी लतिकाला पत्रात लिहिलं, की तुमचे वडील दर बुधवारी संध्याकाळी गाडी पुसतात, दार उघडून आत बसतात, एकदा ब्रेक दाबून बघतात आणि परत कुलूप लावतात. मी विचारलं, अण्णा, कधी फिरवून का आणत नाही? तर हसले. म्हणाले, मला गाडी चालवता कुठं येते!