मामांना बसवलं

मुख्याध्यापिका बाई तीन दिवसांच्या प्रशिक्षणाहून परतल्या त्या नवा सिद्धांत घेऊनच: खरा नेता सर्वांचा सेवक असतो. आल्या आल्या त्यांनी शिपाईमामांच्या हातातून घंटेची हातोडी काढून घेतली आणि त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.

"मामा, आता सेवा माझी. तुम्ही फक्त बसा."

बावीस वर्षांत मामा शाळेत बसले नव्हते. पाय आपोआप व्हरांड्याकडे निघत, मामा त्यांना माघारी आणत. मागच्या प्रशिक्षणातून 'प्रत्येक जण नेता' हा सिद्धांत आला होता. तेव्हा नऊही शिक्षकांनी आठवडाभर नेतृत्व केलं आणि पाचवीच्या वर्गावर कुणी गेलंच नाही. पण ते परवडलं होतं.

आज सकाळी डबा भरताना बायको म्हणाली, "बसायचा पगार मिळतोय, तर बसा की गप!"

"अगं, बसलेल्याला उठवायला कितीसा वेळ लागतो? आज तपासनीस येतायत. शिपायावाचून शाळा चालते असं दिसलं, की माझं पदच गेलं!"

तपासनीस आले तेव्हा बाई पाण्याच्या टाकीत उतरून ती घासत होत्या. साहेबांनी खुर्चीला नमस्कार केला. मामा उठू लागले.

"बसा सर, बसा!"

हाही बसवणाराच निघाला.

"शाळा कशी चालवता?"

"कानानं," मामा चुळबुळत म्हणाले. "गोंगाट असेल तिथं मास्तर नाही. अगदीच शांतता असेल तिथं काहीतरी फुटलंय."

साहेबांनी तीन पानं भरली. मग खिडकीतून टाकीकडे बोट केलं. "शिपाईबाई कामाला वाघ आहेत हो. पण कपातीचा हुकूम आहे. शिपायाचं पद काढून टाकू?"

मामा घाईघाईनं म्हणाले, "साहेब, त्या मुख्याध्यापिका. शिपाई मी!"

साहेबांनी तीन पानांकडे दुःखानं पाहिलं. "अहवालात खोडाखोड चालत नाही. आता पुढच्या तपासणीपर्यंत तुम्हीच मुख्याध्यापक."

दारात ओलेत्या बाई उभ्या होत्या, आनंदानं फुललेल्या. "सिद्धांत खरा ठरला! हुकूम करा मामा, मी सेवक."

मामा ताडकन उठले. "साहेब, लिहा. मुख्याध्यापकांचं मत: शिपायाचं पद ठेवावं. आणि बाई, ती हातोडी इकडे."

बाईंना द्यायची नव्हती, पण सिद्धांत आडवा आला. मधल्या सुट्टीला आधीच अकरा मिनिटं उशीर झाला होता. मामा हातोडी घेऊन पळत सुटले.

"सर, सही राहिली!" साहेब ओरडले.

उत्तरादाखल घंटा वाजली.