बर्फावरची दोनशे बारा टिंबं

मीटिंगला पाऊण तास होता आणि मला माझी चूक सापडली.

लिंक्स म्हणजे बिबट्याहून लहान, कानांवर झुपके असलेलं रानमांजर. स्कॉटलंडच्या उत्तरेला सोडलेल्या एका मादीच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा होता. ती कुठे जाते ते लंडनजवळच्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात नकाशावर टिंबांनी दिसायचं. ती फिरेल तेवढी अभयारण्याची हद्द. एवढ्या मोठ्या शिकारी जनावराला पुरेल ते जंगल बाकीच्यांनाही पुरतं, असा सरळ विचार. नकाशा मी केला. पाण्यावर पडलेली टिंबं म्हणजे मशीनची चूक, असं ठरवून मी ती आणि त्यांच्या पाठोपाठ पलीकडच्या काठावर पडलेली टिंबं उडवायचा फिल्टर लावला. मी नागपूरची. तळ्यावरून कुणी चालत जाईल हे माझ्या डोक्यात येणार तरी कसं?

आणि इथे, जिथे मीटिंग होती त्या तळ्याकाठच्या गावच्या हॉलमध्ये, भिंतीवर फोटो. याच वर्षीचा जानेवारी, गोठलेलं तेच तळं, त्यावर खुर्च्या टाकून बसलेलं अख्खं गाव.

लॅपटॉप उघडला. तळ्यावरची उडवलेली टिंबं दोनशे बारा. मादी थंडीत दर दोन दिवसांनी तळं ओलांडून पूर्वेच्या रानात जात होती. तेच रान मी हद्दीबाहेर ठेवलं होतं. सोमवारी तिथे झाडं पडणार होती.

कबीर माझा बॉस. लंडनमधल्या पिनरचा जन्म, मराठी घरात ऐकून शिकलेला.

"वीणा, प्लीज. आत्ता नाही बोलायचा. रिपोर्ट नंतर करेक्ट करू."

"नंतर म्हणजे झाडं पडल्यावर?"

"तुझा चूक आहे. कंपनीचा नाव जाईल. आणि तुझा व्हिसा कोण स्पॉन्सर करतो, विसरली?"

"धमकी देतोयस?"

"आठवण देतो."

हॉल भरला. हद्द ठरवणाऱ्या सात जणांच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी मतदान पुकारलं आणि मी उभी राहिले.

"नकाशा चुकलाय. मीच चुकवलाय."

सगळं सांगितलं. लाकूड कंपनीचा माणूस खदखदून हसला. "मांजर पाण्यावरून चालत गेली म्हणे!"

"जानेवारीत तळ्यावर कोण कोण चाललं होतं? हात वर करा."

एक हात नाही. अर्ध्या गावाचं पोट त्या तोडीवर. फोटोतले चेहरे समोरच बसलेले, स्वतःच्या बुटांकडे बघत. माझं टाळकं सटकलं.

"अहो, भिंतीवर टांगलेत की तुम्ही सगळे!"

अध्यक्षबाईंनी मान वळवली. फोटोत मधोमध त्याच होत्या, हातात थर्मास.

"मी चालले होते," त्या सावकाश म्हणाल्या. "बर्फ चांगला जाड होता."

चार विरुद्ध तीन. तोड थांबली, पूर्वेचं रान हद्दीत आलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने दार आपटलं.

इन्व्हर्नेसच्या रस्त्यावर कबीर गाडी चालवत होता. म्हणाला, "हा फिल्टर अजून कुठे लावला तू?"

"फिनलंडला. नॉर्वेला पण."

त्याने गाडी कडेला घेतली.