मागच्या फळीतला आवाज

संघात सगळे त्याला उंट म्हणायचे. पाय लांब, मान लांब, आणि चालताना डोकं जरा पुढे. हे बारसं गोलरक्षकाने केलं होतं, आणि नाव असं चिकटलं की कपडे धुणाऱ्या मावशीसुद्धा त्याच्या जर्सीच्या पिशवीवर खडूने 'उंट'च लिहायच्या. त्याला त्याचं काही वाटत नसे. एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक फुटबॉल क्लबाने करार दिला होता, मोठ्या संघाबरोबर सरावाला घेतलं होतं. मग उंट म्हटलं काय नि हत्ती म्हटलं काय!

खेळ चोख होता. मधल्या बचावपटूला लागतं ते सगळं अंगात होतं. उंच उडी, दमदार धाव, समोरच्याच्या पायातून चेंडू अलगद काढून घ्यायची हातोटी. खोट एकच. पोरगा बोलत नसे. मागच्या फळीला सगळं मैदान दिसतं, म्हणून ओरडायचं कामही तिचंच. 'मागे माणूस आहे', 'पुढे सरक', 'माझा चेंडू' हे वेळेवर कानावर पडलं नाही की झालाच घोटाळा.

पण त्याचा तरी काय दोष? आई इस्पितळात नर्स, कायम रात्रपाळीला. दिवसा ती झोपली की घरात चमचा पडला तरी बाबा डोळे वटारायचे. तो आणि त्याची धाकटी बहीण भांडायचीसुद्धा कुजबुजत.

पहिल्याच सामन्यात व्हायचं ते झालं. एक उंच चेंडू गोलच्या दिशेने आला. उंट मागे धावला आणि 'माझा' म्हणाला. म्हणाला कसला, पुटपुटला. गोलरक्षकही पुढे झेपावला, दोघे एकमेकांवर धाडकन आदळले आणि चेंडू टप्पे खात जाळ्यात गेला. त्या एका गोलवर सामना हातचा गेला.

"मूग गिळून बसला होतास का रे?" कपडे बदलायच्या खोलीत गोलरक्षक खांदा चोळत म्हणाला.

"मी म्हणालो होतो, माझा म्हणून."

"कुणाला? गवताला?"

सगळे हसले. उंट मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत राहिला.

बाकावर शेजारी कर्णधार बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. त्याला सगळे दादा म्हणत. तोही मधला बचावपटू, उंटाचा जोडीदार. त्याचा गुडघा कुरकुरायला लागला होता आणि नवं पोर त्याच्याच जागेसाठी आणलंय, हे क्लबात सर्वांना ठाऊक होतं. उंटालाही ठाऊक होतं. म्हणून तो दादाच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचा.

"उद्या सराव संपला की थांब," दादा एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दादा लंगडत रिकाम्या प्रेक्षक गॅलरीच्या सगळ्यात वरच्या रांगेत जाऊन बसला. उंटाला त्याने पार पलीकडच्या गोलपाशी उभं केलं.

"सकाळी काय खाल्लंस?" वरून आरोळी आली.

"अंडी."

"काय?"

"अंडी! दोन!"

गवत कापणाऱ्या माळ्याने यंत्र थांबवलं. "दोन अंडी खाऊन एवढाच आवाज? उद्यापासून चार खा!"

उंटाला हसू फुटलं, आणि हसण्यासोबत आवाजही थोडा मोकळा झाला. दादा काहीबाही विचारत राहिला. बहीण कितवीत आहे, मोजे कुठल्या रंगाचे आहेत. शेवटी त्याने विचारलं, "माझ्या खेळात काय खटकतं तुला?"

उंट बुटाच्या टोकाने गवत उकरू लागला.

"सांग की!"

"तुम्ही... हळू वळता!"

मैदानभर ते शब्द घुमले. उंटाला वाटलं, संपलं आता आपलं. पण दादा वर पोट धरून हसत होता. हसत हसतच तो खाली उतरून आला.

"अरे, मग हे सामन्यात सांग ना मला! माणूस माझ्या डावीकडून सुटतोय हे तुला दिसतं. तू ओरडलास तर मी आधीच वळेन."

"पण तुम्हाला मी कसं... हुकूम सोडल्यासारखं वाटतं."

"हुकूम कसला? मदत आहे ती. ज्याला दिसतं त्याने सांगायचं. तिथे लहान-मोठं काही नसतं."

उंटाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस तो ओरडण्याला उद्धटपणा समजत होता.

पुढे काही आठवडे घसा बसला, पण आवाज सुटला. परगावच्या एका सामन्यात शेवटच्या क्षणी समोरचा आघाडीपटू दादाच्या पाठीमागून निसटला आणि उंटाच्या तोंडून निघून गेलं, "ए म्हाताऱ्या, डावीकडे!" दादा गर्रकन वळला आणि चेंडू पायात अडवून बाहेर तडकावला. सामना बरोबरीत सुटला.

परतीच्या बसमध्ये दादा शेजारी येऊन बसला. "म्हातारा कोण रे?"

उंट सावरून बसला. "चुकलं, दादा."

"चुकलंच. पुढच्या वेळी जरा आधी म्हण."

हंगाम संपत आला तेव्हा दादाच्या गुडघ्याने हात टेकले. तो क्लबातच राहिला, धाकट्या संघाचा प्रशिक्षक म्हणून. शेवटच्या सामन्यात उंटाच्या जोडीला दुसराच खेळाडू होता आणि त्या दिवशी त्यांनी एकही गोल खाल्ला नाही. सामना संपल्यावर दादाने त्याच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. "जमलं," म्हणाला आणि आपल्या पोरांच्या सरावाला निघून गेला.

सुट्टीसाठी उंट घरी आला. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता बाबांनी वर्तमानपत्रातली सामन्याची बातमी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तुझं नाव कुठेच नाही रे यात."

"नसेल. चेंडू आत गेला असता तर नक्की आलं असतं."

बाबांनी बातमीवर पुन्हा एकदा नजर टाकली. मग गालातल्या गालात हसले, ते पान नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि शेजाऱ्यांना दाखवायला बाहेर पडले. उंटाने पाय लांब पसरले आणि आणखी एक कप चहा ओतून घेतला.