तिसरं मागणं

"मामा, तुम्हीच सांगा. खरं हरीण कोणतं?"

मेदेतच्या हातात एक चकचकीत हरीण होतं, झेप घेतलेलं, शिंगं पाठीवर टाकलेलं. कुलाशमामीनं ते शेडमधल्या फळीवरून लगबगीनं आणून त्याला दिलं होतं. तसंच दुसरं हरीण अंगणातल्या मामाच्या व्होल्गाच्या बॉनेटवर बसवलेलं होतं. मामी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहत होती. तो एक शब्द खोटा बोलला असता तर निभावलं असतं.

ओराझालीनं भाच्याच्या हातातलं हरीण नखानं वाजवलं.

"हे अलीकडचं, नकली. डब्यासारखं वाजतंय बघ. खरं गाडीवर आहे."

कुलाशनं कपाळाला हात लावला.

"वाटलंच मला," मेदेत हसला. "काय मामी, भाच्याच्या हातावर तुरी देता होय? बरं, ते गाडीवरचं द्या. हे माझं पहिलं मागणं."

बहिणीच्या मुलानं मामाच्या घरातली वस्तू तीनदा मागावी आणि मामानं हूं की चूं न करता ती द्यावी, असा कझाखांचा रिवाज आहे. पोरं कोकरू मागतात, फार तर घोडा मागतात. मामा चार शिव्या घालतो आणि देतो. भाच्यावर हात उगारायची मात्र सोय नाही, कारण उगारणाऱ्याचा हात जन्मभर थरथरतो म्हणतात. मेदेतनं चाळिशी उलटेपर्यंत ताराझच्या या मामाकडे काहीच मागितलं नव्हतं. केवढा गुणी मुलगा, असं सगळे म्हणायचे. गुणी कसला! तिन्ही मागणी त्यानं जपून ठेवली होती.

आज तो अल्माटीहून ट्रेलरवर स्वतःची व्होल्गा घालून आला होता. तीही मामाच्या गाडीसारखीच, सत्तावन्न सालची. रंग नवा, सीट नव्या, पण तोंडावरची जाळी नंतरच्या गाडीची आणि स्टिअरिंग तर कुठल्याशा टॅक्सीचं. गाडी त्याच्या साहेबांना वाढदिवसाला भेट द्यायची होती. साहेबांना म्हणे सगळं अस्सल लागतं.

अस्सलपणाचं वेड ओराझालीलाही होतंच. डेपोत बस दुरुस्त करता करता त्यानं भंगारातून ही गाडी उचलली आणि पुढची वीस-बावीस वर्षं तिचा एकेक अवयव शोधत फिरला. मधोमध चांदणी असलेली जाळी शिमकेंतच्या एका कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली सापडली. गाडी पुरी झाल्याशिवाय तो ती फाटकाबाहेर काढेना.

"पुरी झाली की तुला तुझ्या गावी नेईन," तो बायकोला म्हणायचा. "बहिणीच्या दारात राणीसारखी उतरशील."

कुलाश थांबली. बहिणीनंही थांबून पाहिलं आणि दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. मयताला कुलाश बसनं गेली, कारण तेव्हा हरीण मिळायचं होतं. ते या वसंतात मिळालं. येत्या रविवारी निघायचं ठरलं होतं. बहीण नाही तर नाही, निदान तिच्या कबरीपर्यंत तरी. कुलाशनं रुमाल इस्त्री करून ठेवला होता, वाटेत खायला कुर्त, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, बांधून ठेवलं होतं.

"दुसरं मागणं, जाळी," मेदेत म्हणाला. "आणि मामा, तुम्हीच काढा हां. माझी माणसं ओरबाडतील."

ओराझालीनं काढली. तिकडे बसवलीही त्यानंच. एक स्क्रू आडवा जात होता, तोही पुन्हा काढून सरळ बसवला. दुसऱ्या कुणी मुद्दाम वाकडा ठेवला असता. या माणसाला तेही जमलं नाही, आणि मला त्याचा रागच येतो.

"आता तिसरं..."

"थांब," ओराझाली म्हणाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "मेदेत, तिसऱ्या मागण्यात सगळी गाडीच माग. मी देतो. अख्खी घेऊन जा, पण अशी तोडू नकोस. कुणाच्या तरी दारात ती धडपणी उभी राहू दे."

मेदेतला खरोखरच हसू आलं.

"अहो मामा, ते डबडं नेऊन ठेवू कुठं? गाडी आहे ना माझ्याकडे. मला फक्त स्टिअरिंग द्या."

"लाज वाटते का रे तुला?" कुलाश ओरडली. "तुझी आई रौझा जिवंत असती तर कानफटात मारली असती तुझ्या!"

"आई नाही म्हणून तर मामाकडे आलो ना, मामी," तो गोड आवाजात म्हणाला. "आणि हक्क आहे म्हणून मागतोय. नाहीतर विकतच घेतलं असतं की."

स्टिअरिंग जुन्या दातांच्या रंगाचं होतं, एकही तडा न गेलेलं. ओराझालीनं ते उपसलं, कोटाच्या बाहीनं पुसलं आणि भाच्याच्या गाडीत बसवून चाकं सरळ आहेत ना, तेही पाहिलं. मेदेतनं त्याला मिठी मारली. जाताना नकली हरीण त्यानं बाकावर ठेवलं.

"हे राहू दे तुम्हाला. लांबून कुणाला कळतंय?"

ट्रेलर गल्लीच्या टोकाला वळला. ओराझाली जाऊन आपल्या गाडीत बसला. समोर नुसता लोखंडी दांडा होता. गाडीच्या तोंडाला भगदाड पडलं होतं आणि बॉनेटवर भोकं उरली होती.

थोड्या वेळानं कुलाश घरातून आली. तिनं रविवारचा रुमाल बांधला होता. पलीकडचं दार उघडून ती त्याच्या शेजारी बसली.

"कितीदा म्हटलं होतं, चला, जशी आहे तशी जाऊ या," ती म्हणाली.

तिनं त्याचा उजवा हात हातात घेतला. तो थरथरत होता.

"मारलंत का त्याला?"

"नाही."

"मारायला हवं होतंत," ती म्हणाली. "हात तसाही थरथरतोच आहे."

मग तो हात तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवला आणि काचेतून समोरच्या बंद फाटकाकडे पाहत बसली.