एसेनकुलचा घास

मित्रांनो, मी पेशींचा एक जुना पुंजका आहे. मेंदू जिथे मानेत उतरतो, त्या देठात माझा मुक्काम. माझे दोन भाग, एक डावीकडे, एक उजवीकडे. माझा माणूस एसेनकुल आईच्या पोटात होता, तेव्हाच मी गिळण्याचे काम शिकलो. तेव्हा गिळायला होते फक्त गर्भातले पाणी.

काम सांगायला सोपे आहे. घास घशाशी आला की मला कळते. मी शेजारच्या श्वासकेंद्राला क्षणभर थांबवतो, श्वासनलिका वर उचलून तिचे दार मिटतो आणि मग अन्ननलिका उघडतो. यातला क्रम चुकून चालत नाही. एसेनकुल झोपला तरी मी जागाच असे.

नारीन नदीकाठच्या कुरणांवर तो घोडे राखायचा. कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा एका दमात रिकामा करायचा. "काय घसा आहे गड्याचा!" लोक म्हणायचे. माझे नाव कुणाला ठाऊक नव्हते, पण मला ते ऐकून बरे वाटे.

यंदा उन्हाळ्यात खोगीर कसताना त्याला गरगरले. रक्ताची एक बारीक वाट बुजली आणि माझा डावा भाग मेला. त्याचा आवाज घोगरा झाला. लाळही गिळता येईना.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घातली. त्याच्या बायकोला, बुरुलला, त्या म्हणाल्या, "तोंडाने थेंबही द्यायचा नाही. उरलेला भाग हळूहळू शिकेल. आणि ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका."

मी शिकत होतो. कधीतरी लाळेचा घोट नीट उतरायचा. घरी आणल्यावर थोरला भाऊ मामबेतकुल भेटायला आला. नळी पाहून त्याचे डोळे भरले.

"नळीनं दूध पाजायला वासरू आहे का तो? माझा भाऊ स्वतःच्या घरात उपाशी?"

"भाऊजी, नको. बाईंनी बजावलंय."

"त्याच्याकडे बघ तरी, बुरुल. वाडग्यावरून नजर हलत नाही त्याची."

बुरुलने मान फिरवली. मामबेतकुलने मटणाचा रस्सा चमच्याचमच्याने पाजला. मी एकट्या उजव्या भागाने दार ओढले, पण उशीर झाला. रस्सा फुप्फुसात उतरला. ठसका देणारी जाणीवही डाव्या भागाबरोबर गेली होती.

"बघ, खोकलासुद्धा नाही आला," मामबेतकुल म्हणाला. एसेनकुल हसला. किती दिवसांनी त्याच्या जिभेला चव लागली होती.

दोनच दिवसांत ताप चढला. आता तो पुन्हा इस्पितळात आहे. मामबेतकुल बाहेर बाकावर बसून असतो, आत येत नाही. श्वासकेंद्र इतके थकले आहे की माझ्यासाठी क्षणभर थांबणेही त्याला परवडत नाही.

मित्रांनो, घशाने काम सोडलेल्या माणसाला मायेने भरवू नका. आधी विचारा, थांबा. आज सकाळी बुरुलने ओला बोळा त्याच्या ओठांवर टेकवला. एक थेंब आत आला. मी दार वेळेवर मिटले. ते कुणालाच कळले नाही.