गोरामीला सोबत

झालं असं, की जावई घरात एकटाच होता. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बायको त्यांच्यासोबत दवाखान्यात, आणि याच्यावर जबाबदारी एकच. माशाला जपायचं.

मासा म्हणजे सासूबाईंची गोरामी. सासूबाई गेल्या, मग त्यांचे मासेही एकेक करून गेले, आणि मायक्रोवेव्हएवढ्या त्या टाकीत उरली ही एकटी निळी म्हातारी. पोटाखाली दोऱ्यासारख्या दोन लांब मिशा, त्यांनी चाचपडत हळूहळू फिरायची. सासरे माणसांशी मोजून-मापून बोलायचे, पण हिच्याशी गप्पा सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही! निघतानासुद्धा म्हणाले होते, "जावईबापू, माझा डोळा गेला तरी चालेल. हिला काही होता कामा नये."

आणि ह्या पठ्ठ्याला वाटलं, बिचारीला सोबत हवी.

माशांच्या दुकानात त्याला पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब आवडले. दुकानदारानं आधी टाकी विचारली, मग त्यात कोण आहे ते विचारलं आणि सरळ मान हलवली. "गोरामीबरोबर हे नकोत. दांडगट जात आहे. मोठा घोळका असला तर आपापसात मारामाऱ्या करतात, पण घोळका तुमच्या टाकीत मावायचा नाही."

"मग तीनच द्या," जावई म्हणाला. कमी मासे, कमी भानगड. साधा हिशोब!

"अहो, तीन म्हणजे तर..." दुकानदार म्हणत होता, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि आमचे साहेब पिशवी घेऊन बाहेर.

पिशवी टाकीत रिकामी केली, चहा टाकला, चहा घेऊन परत येतो तर गोरामीची एक मिशी अर्धी गायब!

त्याला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय बघण्यात. काचेला नाक लावलं. एक बार्ब आला, लचका तोडून पळाला. दुसरा शेपटीला. तिसरा वाटच बघत होता. आपापसात भांडायला घोळका नाही ना, मग तिघांनी मिळून हिलाच धरलेली. ती कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून उभी, कल्ले धापा टाकल्यासारखे हलतायत.

त्यानं जाळी घातली. बार्ब कसले सापडतात! सुरकन इकडे, सुरकन तिकडे, आणि दर वेळी घाबरून आपटत होती ती गोरामीच. फोन वाजला.

बायको. "निघालोय आम्ही. बाबा विचारतायत, ती कशी आहे?"

"कोण?"

"कोण काय? आवाज असा का येतोय तुझा?"

"चहा... चहा गरम होता," म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याला सुचलं, बार्ब सापडत नाहीत तर हिलाच बाहेर काढू. बादलीत टाकीचंच पाणी काढलं, वर साठवणीतलं शिळं पाणी ओतून काठोकाठ भरली, म्हटलं ऐसपैस राहील. जाळीत गोरामी आली, जराही न धडपडता. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तिला बादलीत सोडलं. आता उडी मारून बाहेर पडली तर? म्हणून वर ताट ठेवलं, अगदी पाण्याला टेकवून, फट राहू नये म्हणून वर वरवंटा.

बेल वाजली.

सासरे एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, पण दुसरा डोळा चांगला होता ना! ते सरळ टाकीपाशी गेले. तीन पट्टेवाले गुंड मजेत फिरतायत, निळं काही नाही. म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला, तसा जावई घाईघाईनं पुढे झाला.

"बा... बादलीत आहे! जिवंत आहे, बाबा! मी झाकून ठेवलंय!"

"झाकून?"

सासरे धावले. मागून बायको ओरडतेय, "बाबा, वाकायचं नाही! डॉक्टर काय म्हणाले?" कोण ऐकतंय! वरवंटा बाजूला, ताट खणकन फरशीवर. आत गोरामी तळाशी तिरकी पडलेली.

"अरे, ती वर येऊन हवा घेते! आपल्यासारखी! तू तिच्या तोंडावर झाकण ठेवलंस?"

तिला वर यायला अंतर कमी पडावं म्हणून सासऱ्यांनी मगानं वरचं पाणी उपसलं, हलक्या हातानं, अजिबात न ढवळता. मग तिघंही बादलीभोवती बसले. सासरे बादलीचा काठ धरून पुटपुटत होते, "ये गं. ये वर. अशी नको जाऊस."

ती हलेना.

बायकोनं तोंड फिरवलं. जावयानं मात्र नजर हलवली नाही, त्याला वाटत होतं आपण पापणी मिटली तर संपलं. आणि मग तिचा एक पर किंचित फडफडला. ती सरळ झाली. पुन्हा कलंडली. पुन्हा सरळ झाली आणि वाकडीतिकडी वर आली, पाण्यातून एवढंसं तोंड बाहेर काढलं आणि हवेचा एक घोट घेतला.

सासऱ्यांनी तिथेच फरशीवर मांडी घातली. म्हणाले, "ते तिघे आजच्या आज दुकानात परत. घेत नसला तर तूच तिथे राहा त्यांच्याबरोबर."

"हो बाबा."

"आणि आधी ती उशी दे. मी इथेच बसणार आहे."

जावयानं उशी दिली. टाकीतलं पाणी उपसून ते तिघे कसेबसे पिशवीत भरले. पण दाराकडे जाताना पाय निघेना, तो परत परत वळून बघत होता, ती पुन्हा वर येते का.