धाकटीचे प्रश्न

दोघी सख्ख्या जावा आणि नोकरीलाही एकाच कंपनीत. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे अहवाल ज्या प्रोग्राममधून रुग्णांना जातात, तो त्यांची कंपनी बनवायची. थोरली तिथे अकरा वर्षं होती. धाकटीला तिनेच चिकटवलं होतं आणि कामही तिनेच शिकवलं होतं. पहिली दोन वर्षं धाकटी दिवसातून दहादा खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी यायची. "वहिनी, हे कुठे अडतंय बघा ना."

मग कंपनीने कोड लिहायला एआय मदतनीस घेतला आणि खुर्ची जागची हलेनाशी झाली. धाकटी स्क्रीनला विचारायची, मान डोलवायची, कधी चक्क हसायची. कामाचा झपाटा वाढला. बैठकीत साहेबांनी तिचं कौतुक केलं, तेव्हा थोरली म्हणाली, "दिमतीला मदतनीस असल्यावर काय." कोणी हसलं नाही.

मदतनीसाला रुग्णाचं नाव किंवा अहवाल पाठवायला सक्त मनाई होती. कोण काय विचारतं याची नोंद व्हायची आणि ती तपासायचं काम थोरलीकडे होतं. संशयास्पद ओळी लाल व्हायच्या. तेवढ्याच बघायच्या असा नियम होता. बाकीच्या उघडता येत होत्या, पण तिने कधी उघडल्या नव्हत्या.

एका दुपारी धाकटी जेवायला गेली आणि थोरलीने तिच्या नावाच्या सगळ्या नोंदी उघडल्या. रुग्णाचं एक खरं नाव सापडलं तरी पुरे होतं.

एकही सापडलं नाही. धाकटीने प्रत्येक ठिकाणी खोटी नावं, खोटे आकडे घातले होते. पण थोरली वाचतच राहिली. "प्रश्न बावळट आहे, पण..." अशी सुरुवात कितीतरी वेळा होती. आणि आठ दिवसांपूर्वीचं हे:

"माझ्या वरिष्ठ माझ्या जाऊबाईही आहेत. त्यांच्या कोडमध्ये चूक आहे, तान्ह्या बाळांचे अहवाल मोठ्यांच्या मापाने तपासले जातात. त्यांना न दुखावता कसं सांगू?"

मदतनीसाने लिहिलं होतं, एकांतात आणि सरळ सांगा. धाकटीने सांगितलं नव्हतं. चूक गुपचूप सुधारून तो बदल मंजुरीला पाठवला होता, थोरलीकडेच. आणि तिने रागारागात, न वाचता, मंजूर केला होता.

संध्याकाळी घरी भांडी विसळताना थोरलीला राहवलं नाही. "बाळांच्या अहवालाचं मला सांगायचं होतंस."

धाकटीचा हात थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"वाचलं."

"लाल झालं होतं?"

"नाही. मीच उघडलं."

धाकटीने नळ बंद केला. "नोंदी तुमच्याकडे आल्या तेव्हा मी निर्धास्त होते, वहिनी. म्हटलं, घरचं माणूस आहे."

"पूर्वी मला विचारायचीस."

"तुम्ही सांगायचात. पण आधी एक उसासा टाकायचात." ती हात पुसत म्हणाली, "मदतनीस टाकत नाही."

थोरलीला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून साहेबांना सगळं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली आणि नोंदींचं काम चाचणी विभागातल्या बाईंकडे गेलं. धाकटीने घरी कोणाला काही सांगितलं नाही. बोलणं सुरू राहिलं, पण कामापुरतं.

पुढचा बदल मंजुरीला आला तेव्हा थोरलीने तो ओळ न् ओळ वाचला. एका जागी अडली. उठून धाकटीच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "हे मला कळलं नाही. समजावशील?"

धाकटीने समजावलं, नीट आणि थोडक्यात. थोरली जागेवर परतली. थोड्या वेळाने तिकडून धाकटीचं हसू ऐकू आलं. तिने वळून पाहिलं, तर धाकटी स्क्रीनकडे बघत होती. थोरलीला ते पुन्हा खुपलं, पण तिने पुढची ओळ वाचायला घेतली.